सोबती निपाणीचा

बैठक कुठं घ्यायची यावरूनच परशराम आणि चिंतामणी वकील यांचं पहिल्यांदा वाजलं.

वकिलांना बेळगावच्या टिळकवाडीत एखादा हॉल हवा होता. मागं बॅनर, पुढं खुर्च्या, एखादा डॉक्टर पाहुणा म्हणून आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. परशरामला यातलं काहीच नको होतं. झाडाखाली बसावं, चहा प्यावा, एकमेकांची तोंडं बघावीत आणि घरी जावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"माणसं नाव लपवून ग्रुपवर येतात, वकीलसाहेब," तो फोनवर म्हणाला. "तुमी त्यांचा फोटो पेपरात देणार व्हय?"

"लपवण्यासारखं काय आहे? तंबाखू सोडली ही अभिमानाची गोष्ट आहे."

"तुमच्यासाठी असंल. माझ्या कारखान्यातल्या निम्म्या पोरांच्या घरात ठाऊकच न्हाय की पोरगं खात हुतं."

"परशराम, संस्था अशी चालत नाही," वकील म्हणाले. परशरामनं फोन ठेवून दिला. ही संस्था नव्हतीच. त्याच्या फोनवर सुरू झालेला तो एक ग्रुप होता.

परशराम पिरनवाडीचा. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होता. बारा-तेरा वर्षं गालात तंबाखूचा मावा धरून त्यानं लेथ चालवला. मग एक दिवस भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. आमटीतलं तिखट लागलं की गालाला आग लागल्यासारखं व्हायचं. दातांच्या डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंही धड आत जाईनात. "आता सोडलं नाहीस, तर पुढच्या वर्षी नळीनं पेज पिशील," डॉक्टर म्हणाले. त्यानं सोडलं. पण सोडल्यावर जे सुरू झालं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. कारखान्यात प्रत्येकाचा गाल भरलेला, आणि घरी बायको म्हणायची, सोडलंस न्हवं, मग आता कसलं रडतोस. म्हणून त्यानं टेलिग्रामवर एक ग्रुप काढला. तिथं नंबर दिसत नाही, नावही खरं द्यावं लागत नाही. ग्रुपचं नाव ठेवलं 'तोंड मोकळं'. कुणी कुणाचं गाव, नाव, धंदा विचारायचा नाही, हा एकच नियम त्यानं घातला. तीन वर्षांत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठून कुठून माणसं आली. चिंतामणी वकील त्यातलेच. कोर्टाच्या आवारात उभं राहून जन्मभर तंबाखू मळलेले, आणि हृदयाचा झटका आल्यावर सोडलेले. लिहायला चांगले म्हणून परशरामनंच त्यांना ॲडमिन केलं, आणि तेव्हापासून त्यांचे नियम वाढतच गेले.

पण ग्रुप टिकला तो या दोघांमुळे नाही. तो टिकला 'सोबती'मुळे.

सोबती पहिल्या महिन्यापासून होता. कुणी नुसतं 'तलफ आली' एवढं लिहिलं, की त्याचं उत्तर यायचं. तो उपदेश करायचा नाही. आज काय खाल्लंस, आत्ता कुठं उभा आहेस, शेजारी कोण आहे, असं विचारत राहायचा. चूळ भर, म्हणायचा. चालायला लाग, आणि चालता चालता वाटेत काय दिसतं ते मला लिही. माणूस लिहीत राही आणि तेवढ्यात तलफ उतरत असे. एकदा गावच्या यात्रेत परशरामच्या मित्रानं मळलेली चिमूट त्याच्यापुढं धरली होती. परशराम देवळामागं जाऊन उभा राहिला आणि सोबतीला लिहीत सुटला. त्या दिवशी तो वाचला. बैठक घ्यायची हे त्याच्या डोक्यात आलं ते खरं तर या माणसाला एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणूनच.

सोबतीनं मात्र नकार दिला. 'भेटीचं राहू द्या. इथं आहे तेवढं पुरे आहे,' त्यानं परशरामला एकट्याला लिहिलं.

परशरामनं पिच्छा सोडला नाही. 'अण्णा, तीन वर्षं आमचं सगळं ऐकून घेतलासा. तोंड दाखवायला काय जातंय?' मग दोन दिवसांनी, 'आमी तुमच्या बरोबरीचे न्हाय असं वाटतंय काय?' हे लिहिताना त्याला जरा राग होता, आणि तो राग पोचावा असंच त्याला वाटत होतं. सोबतीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'येतो.'

रविवारी सकाळी टिळकवाडीतल्याच व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या झाडीत वीसेक माणसं जमली. फिरायला आलेले लोक वळून वळून बघत होते. वकिलांनी न विचारता बॅनर आणला होता आणि दोन झाडांना बांधलाही होता. परशरामनं आल्या आल्या त्याची एक दोरी सोडली.

"काय करताय?"

"फिरायला आलेल्यांत माझा मुकादम असतो, वकीलसाहेब."

"मग तुम्ही झाडामागं बसा." वकिलांनी दोरी पुन्हा बांधली. परशरामनं पुन्हा सोडली. बाकीचे लोक अवघडून जमिनीकडं बघत राहिले. शेवटी बॅनर एका झाडाला लोंबकळत राहिला आणि मंडळी गोलात बसली.

ओळखी करून देताना नाव, गाव आणि व्यवसाय सांगायचा, असं वकिलांनी जाहीर केलं. परशराम म्हणाला, नाव पुरे. वकील म्हणाले, "समोरासमोर बसून चोरून कशाला राहायचं?" लोकांना भांडण नको होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली.

खानापूरकडच्या यशोदाबाई होत्या. लग्न झाल्यापासून मिश्री लावायच्या, आता सुनेच्या फोनवरून ग्रुप वाचायच्या. हिंडलग्याचा साईराज होता, मालाचा टेंपो चालवणारा, अंगानं दांडगा. त्याच्या वडिलांचा, भरमूचा, अर्धा जबडा काढला होता. "बाबास्नी बघून सोडलो," एवढंच तो म्हणाला. त्याच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला, पन्नाशीकडं झुकलेला माणूस बसला होता. तो आल्यापासून कुणाशी बोलला नव्हता.

"मी सुहास. निपाणीचा," तो म्हणाला. "ग्रुपवर माझं नाव सोबती."

यशोदाबाईंनी बसल्या जागेवरून हात जोडले. साईराजनं त्याला मिठीच मारली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. परशराम उठून त्याच्याजवळ गेला आणि त्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"व्यवसाय राहिला," वकील म्हणाले.

सुहासनं परशरामच्या हातातून हात सोडवून घेतला. "तंबाखूचा," तो म्हणाला. "वखार आहे."

एक-दोघं हसले. त्यांना चेष्टा वाटली. सुहास हसला नाही.

"कसली वखार?" साईराजनं विचारलं.

"बिडीची तंबाखू. थोडी खायचीपण जाते."

"कुठं जाती?"

"सगळीकडं. बेळगावातही येते."

साईराज उभा राहिला. "माझा बाबा जलमभर निपाणीचीच खात हुता. तुझ्याच वखारीतली असंल."

"असेल," सुहास म्हणाला.

त्यानं नाही म्हटलं असतं, निदान मान खाली घातली असती, तर कदाचित पुढचं झालं नसतं. त्या एका शब्दावर साईराजनं त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं. शर्टाचं बटण तुटून गवतात पडलं. सुहासनं हात वर केले नाहीत. दोघांनी साईराजला मागं ओढलं. परशराम जागचा हलला नाही. आपण मध्ये पडायला हवं हे त्याला कळत होतं, पण त्याच्या तोंडातून भलतंच निघालं.

"आदी का सांगितला न्हाईस?"

"कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही हा तुमचाच नियम होता. म्हणूनच तिथं राहिलो."

"लक्षात येतंय का?" वकील सगळ्यांना म्हणाले. "कोणाला कधी तलफ येते, माणूस कशानं परत वळतो, सगळं याला घरबसल्या कळतंय. आपण आपलं दुखणं व्यापाऱ्याला वाचायला देत होतो."

असं काही होतं हे परशरामला पटलं नाही. पण देवळामागं उभं राहून आपण या माणसाला काय काय लिहिलं होतं ते त्याला आठवलं आणि उघडं पडल्यासारखं वाटलं. "जा हितनं," तो म्हणाला. "परत ग्रुपवर दिसू नको."

सुहासनं कॉलर नीट केली आणि तो गेटकडं चालू लागला. साईराज शिव्या घालत त्याच्या गाडीपर्यंत गेला. यशोदाबाई डोळे पुसत होत्या. चहा तसाच थर्मासमध्ये राहिला. दुपारी परशरामनं सोबतीला ग्रुपमधून काढून टाकलं.

पुढचे दिवस ग्रुपची नुसती धूळधाण झाली. कुणी म्हणे, बरं केलंत. कुणी म्हणे, बोलावून आणून माणसाला हाकलता, तुम्ही कसले लोक. निपाणीच्या दोघांनी लिहिलं की आमच्या घरातल्या बाया वखारीतच कामाला जातात, मग आम्हालाही काढा. वकिलांनी त्यांना खरोखर काढलं. परशरामनं त्यांना परत घेतलं. वकिलांनी पुन्हा काढलं. मग नंदगडचा रवळू म्हणून एक जण होता, त्यानं एका दुपारी लिहिलं, 'तलफ आली.' परशराम मशीनवर होता, फोन लॉकरमध्ये. वकिलांनी त्याला नियमांचा फोटो पाठवला. बाकी कुणी काही लिहिलं नाही. कामावरून सुटल्यावर परशरामनं फोन उघडला तर खाली रवळूचा एकच शब्द होता, 'खाल्लो', आणि त्याखाली तो ग्रुप सोडून गेल्याची ओळ.

त्या संध्याकाळी यशोदाबाईंचा फोन आला. "त्या माणसाला काढलास ते बरूबर केलास," त्या म्हणाल्या. "माझाबी जीव लई जळला. पर आता बोलायचं कुणासंगट, ते सांग. त्या वकिलासंगट?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो निपाणीच्या बसमध्ये चढला. सुहासला परत आणायला तो निघाला नव्हता. त्याला भांडायचं होतं. झाडाखाली त्याचं भांडण अर्धंच राहिलं होतं. तवंदी घाट चढेपर्यंत त्यानं मनात दहा वाक्यं जुळवली.

स्टँडवर सुहासचं नाव सांगितल्यावर वखार सापडायला वेळ लागला नाही. रस्त्यावरूनच वास येत होता. आत पोत्यांच्या थप्प्या, आणि पलीकडं बाया तोंडाला पदर बांधून चाळण्या हलवत होत्या. हवेत बारीक पिवळट धूळ तरंगत होती. सुहास दाराजवळच्या टेबलाशी बसला होता. परशरामला बघून तो उठला नाही.

"बसा म्हणणार नाही," तो म्हणाला.

"बसायला आलो न्हाय. एक विचारतो. हितं बसून माल इकायचा आन् तितं बसून आमास्नी सोडा म्हणायचं. लाज कशी वाटली न्हाय तुला?"

"वाटली. म्हणून तर येत नव्हतो. तुम्ही ओढून आणलंत."

"मग वखार बंद कर."

"दोन भावांची आणि माझी मिळून आहे. मी कुलूप घातलं तर ते काढतील. शेजारचा वखारवाला माल उचलेल, या बायाही तिकडं जातील. तंबाखू एक पोतंही कमी होणार नाही."

"सगळे ह्येच म्हंतात."

"म्हणतात, कारण ते खरं आहे. साईराजच्या बापाचं झालं तेही खरं आहे. मी स्वतः वीस वर्षं खाल्ली, इथंच बसून. सोडली तेव्हा या वासात बसून सोडली. मला बोलायला कोण होतं? भावांनी वेड्यात काढलं."

"म्हंजे आमच्यावर तुझं पाप धूत हुतास."

"ते धुतलं जात नाही, परशराम. मला ते तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." सुहासचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आता झालं असेल तर निघा. गिऱ्हाईक यायचं आहे."

परशरामला पुढचं वाक्य बोलायचं होतं, पण त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. आत आल्यापासून ते सुटत होतं, ते त्याच्या आत्ता ध्यानात आलं. गालाच्या आतली कातडी ओढल्यासारखी होत होती. कानांत गुणगुण सुरू झाली. उजवा हात शेजारच्या उघड्या पोत्यावर टेकला होता आणि बोटं आपोआप एकमेकांवर घासत होती.

सुहासनं ते बघितलं. खुर्ची मागं सारून तो आला आणि त्यानं परशरामला दंडाला धरून फरफटत रस्त्यापलीकडच्या नळावर नेलं.

"हात लावू नको मला."

"चूळ भर."

"सोड म्हंतो न्हवं."

"आधी चूळ भर. सकाळपासून काय खाल्लं?"

परशरामला उत्तर द्यायचं नव्हतं. "कायबी न्हाय," तो म्हणाला.

"रिकाम्या पोटी वखारीत शिरलात. अक्कल आहे का?" सुहासनं पलीकडच्या गाड्यावरून दोन केळी आणून त्याच्या हातात कोंबली. "खा. त्या गल्लीत चालत जाऊन या. जाताना घरांच्या दारांचे रंग बघा आणि परत येऊन मला सांगा."

परशराम गेला. हिरवं, निळं, मग एक कुलूप लावलेलं लाल, असं मनात म्हणत तो गल्लीच्या टोकाला पोचला आणि तिथं उभा राहिला. तोंडातलं पाणी थांबलं होतं. या माणसानं सांगितलेलं करून आपल्याला बरं वाटलं, याचा त्याला एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तो परत आला तेव्हा सुहास नळापाशीच उभा होता.

"दारं सांगणार न्हाय," परशराम म्हणाला.

"नका सांगू. उतरली ना? परत इथं येऊ नका. आणि मला ग्रुपवर घ्या म्हणून मी सांगणार नाही."

"घेनार बी न्हाय."

"बरं," सुहास म्हणाला आणि वखारीत गेला.

नंतरच्या आठवड्यांत ग्रुप निम्मा झाला. परशराम चिडचिडा झाला. बायकोशी भांडला, मुकादमाशी भांडला, वकिलांशी तर रोजच. एक दिवस उद्यमबागेत माल उतरवायला साईराजचा टेंपो आला. दोघं टपरीवर चहाला थांबले. भरमूचं दुसरं ऑपरेशन नुकतंच झालं होतं हे परशरामला ठाऊक होतं.

"निभावलास कसा रं?" त्यानं विचारलं. "ग्रुपवर तर काय लिवला न्हाईस."

साईराज बशीत फुंकर घालत राहिला. "दवाखान्याच्या भायेर पुडी घेतलतो, अण्णा. फाडलतो पण. मग फोन लावलो."

"कुणाला?"

"त्या वखारवाल्याला."

परशरामनं कप खाली ठेवला. "त्याचा नंबर तुझ्याकडं कसा?"

"त्या दिवशी गाडीपतोर गेलतो न्हवं मागनं, शिव्या घालत. तवा त्येनंच दिला. म्हणाला, अजून घालायच्या असल्या तर ह्येच्यावर घाल, कवाबी. तर घातलो. दवाखान्याच्या भायेर हुबारून पोटभर घातलो. त्यो ऐकत बसला. मग इचारला, झाल्या काय, आता जेवलास काय ते सांग."

"आन् तू सांगितलास."

"सांगितलो." साईराजनं मान वर केली. "त्याला म्या सोडनार न्हाय, अण्णा. कवातरी परत त्येची कॉलर धरनारच हाय. पर त्या टायमाला दुसरं कोन हुतं?"

परशराम कारखान्यात परतला, पण त्या दिवशी लेथवरचे त्याचे दोन जॉब बिघडले. संध्याकाळी त्यानं सुहासला दुसऱ्या बैठकीचा वार आणि वेळ लिहून पाठवली. पुढं एकही शब्द घातला नाही. सुहासनंही उत्तर पाठवलं नाही.

दुसऱ्या बैठकीला नऊ-दहा जण आले. वकील आले होते, बॅनर न घेता. गेटमधून सुहास येताना दिसला तसे ते उठले.

"याला कोणी बोलावलं?"

"मी," परशराम म्हणाला.

"मग मी या ग्रुपमध्ये नाही. आजच लिहून टाकतो. आणि का नाही, तेही लिहितो."

"लिवा."

वकील गेले, त्यांच्याबरोबर आणखी तिघं गेले. जाताना त्यातला एक जण सुहासच्या पायाशी थुंकला. सुहास थांबला, मग बाजूनं पुढं आला. गोलात त्याला कुणी जागा केली नाही. तो थोडा लांब एका दगडावर बसला.

परशराम उठून त्याच्याजवळ गेला. "तुला कुणी माफ केलेलं न्हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी तर न्हाईच. वखार हाय तवर करनार बी न्हाय. पर ग्रुपवर तुला परत घेतलोय. कुणी बोलीवलं तर बोलायचं. धंदा काय, ते नावाखाली लिवायचं, म्हंजे नव्या माणसाला ठाऊक असंल."

"लिहितो," सुहास म्हणाला.

"वकील गावभर सांगनार. तुझ्या भावांच्या कानावर बी जाईल."

"गेलंय. घरात बोलणं बंद आहे." त्यानं एवढंच सांगितलं.

साईराजनं चहा वाटला. सुहाससमोरून तो कप घेऊन गेला, पण त्याला दिला नाही. सुहासनंही हात पुढं केला नाही. फिरायला आलेली माणसं बघत बघत पुढं जात होती. परशरामनं विचारलं, गेल्या महिन्यात कुणाचं चुकलं असंल तर सांगा, हितं कोण हसनार न्हाय.

यशोदाबाईंनी पदर सावरला. सुनेच्या बाळंतपणात दोनदा मिश्री लावली, असं त्या सांगू लागल्या. सुहासकडं त्यांनी पाठ केली होती, पण आवाज त्याच्यापर्यंत जाईल एवढा मोठा ठेवला होता.